शंभर दाणे लावून बघा: प्रोजेक्ट गाइड आणि परीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या अभियांत्रिकी, बीसीए आणि संगणकशास्त्र महाविद्यालयांचे विभागप्रमुख, प्रोजेक्ट गाइड आणि एक्सटर्नल परीक्षक यांस

विषय: विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टसाठी घेतलेल्या तयार कोडची पारख डाउनलोड, स्टार आणि रेटिंगवरून न करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पेरणीच्या आधी सोयाबीनचं बी घरी कसं तपासतात, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, पाणी शिंपडत राहायचं आणि सात-आठ दिवसांनी मोड आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचं, थोडे कमी भरले तर एकरी बी वाढवायचं, फारच कमी निघाले तर ते पोतं पेरणीला घ्यायचंच नाही. पिशवीवर नाव कोणाचं आहे आणि गावात किती जणांनी तेच बी नेलं, हे माहीत असूनही ही चाचणी चुकवत नाहीत.

प्रोजेक्टच्या सिनॉप्सिसमध्ये मात्र ‘हीच लायब्ररी का निवडली?’ (लायब्ररी किंवा पॅकेज म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड) या रकान्यात आपण ‘आठवड्याला इतके लाख डाउनलोड’, ‘गिटहबवर इतके हजार स्टार’, ‘रेटिंग ४.८’ अशी उत्तरं स्वीकारतो. (गिटहब ही कोड ठेवण्याची आणि वाटण्याची साइट, तिथला स्टार म्हणजे पसंतीची खूण.) काही गुणपत्रकांत तर विद्यार्थ्यानं स्वतः शेअर केलेल्या कोडला किती स्टार मिळाले, याला वेगळे गुण असतात. ही पद्धत बंद करावी आणि तिच्या जागी दुसरी, अर्ध्या दिवसात होणारी पद्धत आणावी, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी तो आकडा नेमकं काय मोजतो ते बघू. जावास्क्रिप्टची पॅकेजं जिथून उतरवतात त्या एनपीएमनं स्वतःच सांगितलेलं आहे की पॅकेजची फाइल सर्व्हरवरून यशस्वीपणे गेली की एक डाउनलोड धरलं जातं. ती माणसानं मागवली, आपोआप कोड जुळवणाऱ्या बिल्ड सर्व्हरनं की सगळ्या साठ्याची नक्कल (मिरर) बनवणाऱ्या बॉटनं, हे त्यात वेगळं होत नाही. समजा, एका विद्यार्थ्यानं गिटहबवर प्रत्येक पुशला (कोड वर चढवताना) टेस्ट चालतील अशी सोय केली आणि चार पायथन आवृत्त्या लावल्या. त्यानं दिवसाला तीन पुश केले तर १२ डाउनलोड झाले, महिन्याला ३६०, आणि वापरणारा एकच. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ६० संगणकांच्या लॅबमध्ये प्रत्येक मशीनवर नेटवरून इन्स्टॉल केलं तर ६० मोजले जातात, तेच पेनड्राइव्हवरच्या फाइलींतून केलं तर शून्य. पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपनं आपल्या कॅशमधून (आधी उतरवून ठेवलेल्या प्रतीतून) उचललं तरी पायपीआय या पायथन पॅकेजांच्या साठ्याला कळत नाही. वापर तोच असून आकडा ६० किंवा शून्य होत असेल, तर त्यावर गुण कसे द्यायचे?

दुसरं, बहुतेक पॅकेजं कोणी निवडून घेतच नाही, ती दुसऱ्याच्या मागून येतात. ‘इझ-नंबर’ हे दिलेली किंमत संख्या आहे का एवढंच तपासणारं चिमुकलं पॅकेज आठवड्याला कोट्यवधी वेळा उतरवलं जातं. त्याचं नाव टाइप करणारे फार थोडे असतील. एक मोठं टूल मायक्रोमॅच हे पॅकेज मागतं, ते ब्रेसेस मागतं, ते फिल-रेंज मागतं, ते टू-रेजेक्स-रेंज मागतं आणि त्याला इझ-नंबर लागतं. याच साखळीमुळे बंद पडलेली पॅकेजंही तरंगत राहतात. ‘रिक्वेस्ट’ हे एनपीएमवरचं पॅकेज फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या कर्त्यांनीच निवृत्त केलं. त्यानंतरही ते आठवड्याला लाखोंनी उतरत राहिलं.

आपल्या मुलांच्या रोजच्या वापरातलं उदाहरण म्हणजे ‘एसके-लर्न’ (sklearn). मशीन लर्निंगच्या खऱ्या लायब्ररीचं पायपीआयवरचं नाव सायकिट-लर्न (scikit-learn) आहे. ‘एसके-लर्न’ या नावाखाली एक रिकामं पॅकेज होतं. त्यात कोडच नव्हता, ते फक्त सायकिट-लर्न ओढून आणायचं. कोडमध्ये इम्पोर्ट करताना एसके-लर्न लिहायचं असतं, म्हणून मुलं इन्स्टॉल करतानाही तेच लिहायची आणि त्या रिकाम्या पॅकेजचे डाउनलोड वाढत जायचे. डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्यानं बंद करण्यात आलं. जुन्या प्रोजेक्टची रिक्वायरमेंट्स फाइल (लागणाऱ्या पॅकेजांची यादी) आज चालवली आणि पहिल्याच ओळींत लाल अक्षरं आली, तर हे एक कारण आधी तपासा.

स्टारचा हिशेब आणखी सैल आहे. स्टार देताना कोड उतरवावासुद्धा लागत नाही. ‘नंतर बघू’ म्हणून खूण करून ठेवणाराही स्टारच देतो. शिवाय ते विकत मिळतात. कार्नेगी मेलन आणि इतर संस्थांतल्या संशोधकांनी २०२४ च्या अखेरीस मांडलेल्या अभ्यासात गिटहबवर सुमारे ४५ लाख संशयित बनावट स्टार सापडले. शेवटच्या वर्षाच्या मुलाला आपण स्टारवर गुण देऊ लागलो, तर तो आधी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकणार. त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही, आपण मोजतोच ते.

रेटिंगबद्दल थोडक्यात. तिघांनी पाचपैकी पाच दिले की सरासरी ५.० दिसते. २०० जणांपैकी १८४ जणांनी चांगलं म्हटलं की ४.६ किंवा त्याच्या आसपास. थोड्या मतांवरचा भरवसा मोजणाऱ्या विल्सनच्या सूत्रानं ९५ टक्के खात्रीची खालची मर्यादा काढली, तर पहिल्याचं समाधान ४४ टक्क्यांपर्यंत खाली असू शकतं, दुसऱ्याचं ८७ च्या खाली सहसा जात नाही. पडद्यावर मात्र पहिलंच वर दिसतं. आणि बऱ्याच ठिकाणी रेटिंग आवृत्तीला चिकटलेलं नसतं. पहिल्या आवृत्तीला मिळालेले तारे चौथ्या आवृत्तीच्या नावावर तसेच मिरवतात.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आकडा खरा आहे, कोडही उत्तम आहे, असं धरून चालू. तरीही तो आपल्या कामाला लागू पडेलच असं नाही.

सायकिट-लर्न ही जगात मनापासून वापरली जाणारी, नीट तपासलेली लायब्ररी आहे. मराठी बातम्यांचं वर्गीकरण, शेतकऱ्यांच्या तक्रारींची विभागणी असे विषय आपल्याकडे दरवर्षी येतात. त्यात बहुतेक मुलं या लायब्ररीतला, मजकुराचे शब्द पाडून मोजणारा काउंट-व्हेक्टरायझर किंवा टीएफ-आयडीएफ-व्हेक्टरायझर जसाच्या तसा वापरतात. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये शब्दाची व्याख्या आहे: सलग दोन किंवा अधिक ‘वर्ड कॅरेक्टर’ (शब्दात चालणारी चिन्हं). मजकुरातले नमुने शोधणाऱ्या पायथनच्या मूळ रेजेक्स इंजिनाच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही वर्ड कॅरेक्टर नाहीत. म्हणजे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो आणि एकटं उरलेलं अक्षर टाकून दिलं जातं.

‘यंदा पाऊस कमी, कर्ज जास्त’ हे वाक्य त्यात घाला. ‘यंदा’ पूर्ण गायब होतं. ‘पाऊस’मधला ‘पा’ तुटतो आणि उरतं ‘ऊस’. ‘कमी’चं ‘कम’ होतं. ‘कर्ज’चं ‘कर’ होतं. ‘जास्त’ नाहीसं होतं. मॉडेलच्या हाती पडतं: ऊस, कम, कर. सोयाबीन, कापूस, तूर, दुष्काळ, पाणी, पीक यांतला एकही शब्द शिल्लक राहत नाही, कारण त्यांची सगळी अक्षरं मात्रांमुळे सुटी होतात. ‘शेतकऱ्यांना’मधून उरतं ‘तकऱ’.

यात एररचा एक शब्दही येत नाही. प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालतो, उरलेल्या तुकड्यांतूनही काहीतरी साम्य सापडतं, अ‍ॅक्युरसीचा बरा आकडा छापला जातो आणि तोच रिपोर्टमध्ये जातो. हा दोष कोणी लपवलेला नाही. तो पॅटर्न लायब्ररीच्या माहितीपानावर छापलेला आहे. आपल्या भाषेसाठी तो कोणी तपासला नाही, एवढंच. लाखो लोक वापरतात म्हणून चुका आपोआप सापडतात, हा भरवसा त्या लाखोंची भाषा आपली असेल तरच कामाचा.

दुरुस्ती सोपी आहे, पण तिच्यातही एक खाच आहे. टोकन पॅटर्न (शब्दाची ती व्याख्या) बदलून ‘देवनागरी ब्लॉकमधली सलग चिन्हं’ (ब्लॉक म्हणजे युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीतला देवनागरीचा भाग) असा करायचा आणि त्यातून दंड व दुहेरी दंड वगळायचे, कारण तेही त्याच ब्लॉकमध्ये येतात. एवढं केलं की मुलांना वाटतं, झालं. मग ‘शेतकऱ्यांना’ पुन्हा दोन तुकड्यांत येतो. हा ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो: एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जॉइनर देवनागरी ब्लॉकच्या बाहेर आहे, म्हणून दुसऱ्या रीतीचा शब्द मधेच फुटतो. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या रीती एकसारख्या करणं) केलं तरी या दोन रीती एक होत नाहीत, ती अदलाबदल स्वतः लिहावी लागते. सर्चमध्येही हेच होतं: एका कीबोर्डनं टाइप केलेला ‘शेतकऱ्यांना’ शोधला की दुसऱ्यानं टाइप केलेले सगळे सुटतात. ही गोष्ट ज्या मुलाला सापडली, त्याच्या प्रोजेक्टला शून्य स्टार असले तरी त्यानं काम केलेलं आहे.

पिकांच्या रोगांवरच्या प्रोजेक्टचंही असंच. कॅगल या डेटा वाटण्याच्या साइटवर ‘प्लांटव्हिलेज’ या पिकांच्या पानांच्या फोटोसंग्रहाच्या अनेक प्रती आहेत आणि त्यावरच्या नोटबुकांना (कोडच्या पानांना) भरपूर मतं मिळालेली असतात. मूळ संग्रहात ५४,३०६ फोटो, १४ पिकं आणि ३८ वर्ग. त्यात कापूस नाही, तूर नाही, मोसंबी नाही. सोयाबीन आहे, पण एकाच वर्गात: निरोगी. पिवळ्या मोझॅकचं किंवा तांबेऱ्याचं एकही सोयाबीनचं पान त्यात नाही. संत्र्याचा वर्गही एकच, तो ग्रीनिंग रोगाचा, निरोगी पान नाही. म्हणजे या संग्रहावर शिकलेल्या मॉडेलनं पान सोयाबीनचं आहे एवढं ओळखलं की ते ‘निरोगी’ म्हणणार, संत्र्याचं ओळखलं की ‘रोगट’. ‘सोयाबीनवरील रोगनिदान, अ‍ॅक्युरसी ९८ टक्के’ असं शीर्षक समोर आलं, तर पहिला प्रश्न हाच विचारा: रोगट सोयाबीनचे फोटो कुठून आणले?

हे फोटो तोडलेली पानं एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवून घेतलेले आहेत. २०१६ च्या अभ्यासात याच संग्रहातल्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर अचूकता ९९.३५ टक्के आली होती, वेगळ्या परिस्थितीत घेतलेल्या बाहेरच्या फोटोंवर ती सुमारे ३१ टक्क्यांवर आली. हे त्या संशोधकांनीच लिहिलेलं आहे. २०२२ च्या आणखी एका अभ्यासात पान न बघता पार्श्वभूमीचे फक्त ८ पिक्सेल दिले, तरी मॉडेलनं ४९ टक्के फोटोंचा वर्ग बरोबर सांगितला. शिवाय संग्रहाच्या काही प्रतींत फोटो फिरवून, उलटवून संख्या वाढवलेली असते. ट्रेनिंग आणि टेस्ट अशी वाटणी करण्याआधी वाढवली असेल, तर एकच पान दोन्हीकडे जातं आणि परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला असतो.

उलट, उपयोगाचा कोड कमी लोकांना लागतो म्हणून मागे पडतो, हेही होतं. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणारं कन्व्हर्टर जगात किती लोकांना हवं असणार? त्याला ५० स्टार मिळाले तरी खूप. पण इथल्या छापखान्यांना आणि जुन्या अंकांचा संग्रह ठेवणाऱ्या ग्रंथालयांना तेच लागतं. त्याची पारख ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या जोड्या त्यातून वेगवेगळ्या निघतात का, यावर व्हावी.

मोठ्या आकड्यामुळे सुरक्षितता येते, असंही एक समर्थन ऐकू येतं. एनपीएमवरच्या इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजचे डाउनलोड २०१८ मध्ये आठवड्याला सुमारे वीस लाख होते. मूळ कर्त्याला वेळ नव्हता, मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाकडे त्यानं सूत्रं दिली. सप्टेंबरमध्ये त्या माणसानं त्याला लागणारं म्हणून फ्लॅटमॅप-स्ट्रीम हे नवं पॅकेज जोडलं आणि त्यातून कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेटमधल्या किल्ल्या चोरणारा कोड आत आला. नोव्हेंबरमध्ये ते उघड झालं, तेही एका जुन्या फंक्शनबद्दलचा इशारा टर्मिनलवर का येतोय, याचा कोणी माग काढला म्हणून. चोर गर्दी बघूनच आला होता. मार्च २०२४ मध्ये लिनक्सवर फाइली लहान करणाऱ्या एक्सझेड युटिल्समधला चोरदरवाजा सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड यांना, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे त्यांनी सोडून दिलं नाही म्हणून. दोन्ही वेळा आकड्यानं काही सांगितलं नाही, बारकाईनं बघणाऱ्यानं सांगितलं.

आकड्याचा एक उपयोग मात्र आम्ही मान्य करतो. नाव चुकलं आहे का, हे त्यावरून कळतं. डिसेंबर २०१९ मध्ये पायपीआयवरून शब्दांतलं साम्य शोधणाऱ्या जेलीफिश लायब्ररीची एक नक्कल काढून टाकली गेली. तिच्या नावात स्मॉल एलच्या जागी कॅपिटल आय होता आणि ती लॉगिनसाठी आणि सहीसाठी लागणाऱ्या एसएसएच व जीपीजी किल्ल्या चोरत होती. प्रसिद्ध नावाच्या पॅकेजला जेमतेम डाउनलोड दिसले, तर थांबून स्पेलिंग बघावं. आकडा इतपतच वापरावा.

मग काय करायचं? आमची सूचना आहे की प्रत्येक ग्रुपनं मुख्य लायब्ररीसाठी अर्धा दिवस द्यावा आणि एक पान लिहावं.

सुरुवात नावापासून: इन्स्टॉलची ओळ प्रकल्पाच्या स्वतःच्या माहितीपानावरून घ्यावी, गप्पा मारणाऱ्या एआयनं सुचवलेल्या ओळीवरून नाही, कारण तो नसलेली नावंही ठामपणे सांगतो. मग नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (वेगळ्या कोऱ्या जागेत) इन्स्टॉल करून मागून काय काय आलं ते मोजावं, पायथनसाठी पिप-डेप-ट्री आणि नोडसाठी एनपीएम एलएस पुरेसं आहे. इश्यूंच्या (नोंदवलेल्या अडचणींच्या) यादीत ‘देवनागरी’, ‘हिंदी’, ‘इंडिक’, ‘युनिकोड’ हे शब्द इंग्रजी लिपीत शोधावेत. वीस मिनिटांत कळतं की आपल्याआधी कोणाला ठेच लागली आणि कर्त्यांनी उत्तर दिलं की नाही. उघड्या इश्यूंची संख्या मोठी म्हणजे कोड वाईट असं समजू नये, बंद झालेल्यांत उत्तरं कशी दिली आहेत ते वाचावं. लायसन्सची फाइल उघडावी. ती नसेल तर कोड दिसत असला तरी वापरायची परवानगी मिळालेली नाही.

त्यानंतर कोडबरोबर आलेल्या टेस्ट आपल्या लॅबच्या मशीनवर चालवाव्यात, कर्त्याच्या लॅपटॉपवर हिरव्या दिसल्या हे पुरेसं नाही. एकदा नेटची वायर काढून प्रोग्रॅम चालवावा. बरीच मॉडेलं पहिल्यांदा चालवताना गुपचूप फाइली उतरवतात. घरी त्या कॅशमध्ये असतात, व्हायवाच्या दिवशी लॅबच्या मशीनवर नसतात, आणि नेमकं तेव्हाच नेट गेलेलं असतं. आवृत्त्या बरोबरच्या दोन चिन्हांनी पक्क्या कराव्यात, जमल्यास हॅशसकट (फाइलीच्या ठशासकट). नोडमध्ये लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची नोंद) ठेवून एनपीएम सीआय वापरावं. पिप डाउनलोडनं फाइली पेनड्राइव्हवर घेताना लॅबमध्ये जी ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनची जी आवृत्ती आहे, त्यावरूनच घ्याव्यात. लिनक्सवर घेतलेल्या नमपायच्या फाइली विंडोजवर लागत नाहीत.

आणि शेवटी १०० दाणे. आपल्या कामातले १०० नमुने: १०० मराठी वाक्यं, १०० शेतातले फोटो, १०० जुन्या फाइलींतल्या ओळी. त्यांची बरोबर उत्तरं कोड चालवायच्या आधी हातानं लिहून ठेवायची. आधी, कारण यंत्राचं उत्तर समोर असलं की तेच बरोबर वाटू लागतं. मग कोड चालवायचा आणि चार रकाने भरायचे: काय दिलं, काय यायला हवं होतं, काय आलं, का चुकलं. १०० नमुन्यांवर येणारा आकडा आठ-दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. दोन चांगल्या लायब्ररींतली सरस कोणती हे त्यावरून ठरणार नाही, पण न उगवणारं बी नक्की कळतं.

आपल्याकडून तीन गोष्टी हव्यात. सिनॉप्सिसच्या नमुन्यातून डाउनलोड आणि स्टारचा रकाना काढून तिथं या पानाची जागा करा. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कोडसाठीचे लोकप्रियतेचे गुण काढून ते टेस्ट, लायसन्स आणि दुसऱ्या ग्रुपला तो कोड फक्त माहितीपान वाचून चालवता आला का, याला द्या. आणि व्हायवात त्या चौथ्या रकान्यावर बोट ठेवून विचारा: हा दाणा का उगवला नाही?

पिकांवरच्या प्रोजेक्टसाठी एक तारीखही बदलावी लागेल. सोयाबीनवर पिवळा मोझॅक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिसतो, ऑक्टोबरमध्ये रान मोकळं होतं. टेस्टिंगचं वेळापत्रक फेब्रुवारीत असेल तर तेव्हा फोटो काढायला पान मिळत नाही आणि मुलं पुन्हा कॅगलकडे वळतात. म्हणून फोटो काढायला शेतात जायचा दिवस सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवावा. सकाळी आणि भर दुपारी असे दोन वेळा फोटो घ्यावेत, पान न तोडता, मागची माती आणि तण दिसू देऊन. रोग कोणता हे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या वनस्पती रोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावं. पत्र विभागाच्या लेटरहेडवर जुलैमध्येच गेलं तर त्यांनाही वेळ काढता येईल.

आपले,
मराठवाड्यात कोड लिहिणारे आणि शिकवणारे काही जण